लाल गाडीच्या पुढं

मार्च लागला की ह्या शहरातल्या रस्त्यांवर एक निराळीच माणसं दिसायला लागतात. स्कूटरवर मागं बसलेली, मांडीवर पारदर्शक पाऊच, ओठ हलतायत आणि डोळे कुठंच नाहीत. पुढं बाप नाहीतर आई, आणि त्यांच्या तोंडावर ताण असा, की पेपर त्यांचाच आहे. कडुनिंबाची पिवळी पानं गळत असतात, चौकाचौकात मोसंबीच्या रसाचे गाडे लागलेले असतात, सकाळीच उन्हाला धार आलेली असते. यंदा आमच्याही घरात बारावी आहे. म्हणजे ह्या वरातीत मीही आहेच.

परवा पुंडलिकनगरातून गाडी काढली. लेक शेजारी बसून सूत्रं पुटपुटत होती. मोठ्या रस्त्याला लागलो आणि पुढं शहर बस. बस थांब्यावर थांबली, मी तिच्या मागं थांबले. उजवीकडून बैलगाडी सहज जाईल एवढी वाट मोकळी होती. रिक्षावाले त्या वाटेनं सुळसुळ निघून गेले. बसमध्ये एक म्हातारी चढत होती. तिचा एक पाय पायरीवर, एक जमिनीवर, दोन्ही हातात पिशव्या. मागच्या कारवाल्यानं हॉर्न धरला तो सोडेचना.

"आई, काढ ना पुढं. जागा आहे की."

"चढू दे त्यांना."

"त्यांना चढू दे, पण आपण कशाला थांबायचं? आपल्याला थोडंच चढायचंय?"

घरात ह्यावरून माझी टिंगल चालते. नवरा म्हणतो, हिच्या कारमधून जायचं म्हणजे बसनंच जायचं, फक्त तिकीट काढावं लागत नाही. म्हणू देत. मी घाटात गाडी घातलीय, ट्रकांच्या मधून काढलीय, पावसात वाहत्या पुलाशी उभी राहून मागं वळवून आणलीय. नाना ड्रायव्हरची लेक आहे मी. स्टिअरिंग धरायला शिकले तेव्हा माझे पाय ब्रेकपर्यंत पोचत नव्हते. पण थांबलेल्या बसला टाकून पुढं जायचं म्हटलं की माझा पाय काही केल्या पडत नाही. लेकीला मी सांगून टाकलं, तसा नियम आहे. असा काही नियम नाही हे तिलाही माहीत आहे.

आमची वाडी पाचोडच्या रस्त्यापासून आत. एरवी फाट्यावर उतरायचं आणि मोसंबीच्या बागांमधून चालत यायचं. परीक्षेचे दिवस आणि बहाराचे दिवस आमच्याकडं एकदमच यायचे. त्या फुलांचा वास नुसता गोड नसतो, त्यात जरा कडसरपणा असतो आणि तो डोक्यात चढतो. अजून मला तो वास आला की आता पेपर आहे असं वाटतं. रानात शाळू काढायला आलेला असायचा, बायका कणसं खुडत असायच्या, कडब्याच्या पेंढ्या बांधावर उभ्या असायच्या. आणि ह्या सगळ्यात सांजच्याला धुरळा उडवत थेट वाडीत एसटीची लाल गाडी यायची. गाडी म्हटलं की आमच्या वाडीत ती एकच. बाकीच्यांना जीप, टेम्पो, ट्रॅक्टर अशी आपापली नावं होती.

ती मुक्कामी गाडी होती. औरंगाबादहून निघून, तेव्हा पाटीवर औरंगाबादच होतं, दिवस मावळताना वाडीत पोचायची. ड्रायव्हर-कंडक्टर शाळेच्या ओसरीवर झोपायचे आणि येरवाळी, दिवस उगवताना, गाडी परत निघायची, पाचोडवरून औरंगाबादला. त्यांच्या जेवणाची पाळी घराघरांत वाटलेली होती. पण चाऊसभाई ड्रायव्हर असले की ते आमच्याकडंच जेवायचे. उंच माणूस, मेंदी लावलेली दाढी, आणि बोलणं निम्मं उर्दू, निम्मं मराठी. माझ्या आईच्या हातचा ठेचा खाताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायचं आणि तरी ते म्हणायचे, "वहिनी, और थोडा."

नानांची काळी-पिवळी जीप. सकाळी लाल गाडी ज्या रस्त्यानं जायची त्याच रस्त्यानं, तीच माणसं घेऊन, तिच्या थोडी आधी. रात्री ज्याला भाकरी वाढली त्याच्याच गाडीतली सीटं सकाळी पळवायची, हा आमच्या घरचा रोजचा धंदा होता.

एकदा जेवताना चाऊसभाई म्हणाले, "नाना, रात को तुम मेरेकू खिलाते, सुबह मेरेच मुंह का निवाला काढून नेते. ये कौनसा इन्साफ है?"

"भाई, रातच्याला तुम्ही पाव्हणे," नाना म्हणाले. "सकाळच्याला धंदा."

"हौ, धंदा." दोघंही हसले. आईनं दोघांनाही भाकरी वाढली.

नानांना ते काम फार सुरेख जमायचं, हे मला मान्य करायलाच पाहिजे. थंडीत लाल गाडीचं इंजिन तापायला वेळ लागायचा. ते घरघरायला लागलं की नाना शांतपणे कपातला चहा संपवायचे आणि निघायचे. फार आधी निघालं तर माणसं आलेली नसतात, फार उशीर केला तर ती गाडीत बसलेली असतात. मधला तो एवढासा वेळ नानांना अंगातूनच कळायचा. परतीच्या फेरीत समोरून येणारे जीपवाले काचेआडून हात दाखवायचे. मूठ दाखवली म्हणजे गाडी अजून लांब आहे, निवांत सीटं भर. पंजा हलवला म्हणजे आलीच, पळ. कुणी कुणाला शिकवलं होतं कोण जाणे, पण त्या रस्त्यावरच्या सगळ्या ड्रायव्हरांची ही भाषा होती, आणि त्या भाषेत बोलायला विषय एकच, गाडी कुठं आहे.

लोकांनाही जीप आवडायची, उगाच खोटं कशाला बोला. गाडी फक्त थांब्यावर थांबायची. जीप बांधावर हात केला तरी थांबायची. म्हातारीचं पान जुळवून होईपर्यंत थांबायची. शेळी, कोंबड्या, खताचं पोतं, बाळंतीण, सगळं घ्यायची. नाना हाका मारायचे, "बसा, बसा. यष्टीच्या नादाला लागला तो बाजार उठल्यावर पोचला." माणसं हसत हसत चढायची. मांडीला मांडी, मागं फळीवर लोंबकळणारे, टपावर गाठोडी. मागून अर्धी रिकामी लाल गाडी खडखडत यायची.

त्या अर्ध्या रिकाम्या गाडीत मी असायचे. नानांची जीप घरची असूनही. मुलींना गाडीचा पास फुकट होता, पाचोडच्या कॉलेजच्या सगळ्या पोरी गाडीनंच जायच्या, आणि मैत्रिणी सोडून बापाच्या जीपमध्ये कोण बसेल? माझ्याजवळ सुनंदा असायची. ती आमच्याच गल्लीतली, गयाकाकूंची पोरगी. आमची जागा ठरलेली, ड्रायव्हरच्या मागचं बाकडं. सुनंदाला नर्स व्हायचं होतं. तिची मावशी सरकारी दवाखान्यात नर्स होती, तिच्याकडं ती एकदा राहून आली होती आणि तेव्हापासून तिचं दुसरं काही चालायचं नाही. जीवशास्त्राचं पुस्तक उघडून ती मोठ्यानं वाचायची, आणि चाऊसभाई गिअर टाकता टाकता विचारायचे, "डॉक्टरनी, आज दिल का पाठ है की जिगर का?" सुनंदा म्हणायची, "आज किडनी हाय चाचा." ते म्हणायचे, "पढो, पढो. हमारे गाव की पोरी नर्स हुई तो मैं सुई मुफ्त में लगवाऊंगा."

पुढं नानांची जीप दिसायची, माणसांनी फुगलेली. प्रत्येक थांब्यावरची माणसं तिनं उचललेली असायची. आमची गाडी थांब्यावर थांबायची, कंडक्टर बाहेर डोकावून बघायचा, दोनदा घंटी मारायचा आणि रिकाम्या थांब्यावरून आम्ही पुढं निघायचो. आम्हाला त्याचं काय? आम्हाला मोकळी खिडकी मिळायची. सुनंदा मला चिडवायची, "तुपल्या नानानं आज बी झाडून नेलं बघ." मला उलट अभिमान वाटायचा.

आता शहरात बसच्या मागं उभी असते तेव्हा मला हे आठवतं. समोरच्या बसमध्ये रिकाम्या खुर्च्या दिसल्या की मी त्या मोजत बसते. आजूबाजूनं सगळे पळत असतात, रिक्षावाला थांब्यावरच्या माणसाच्या पायाशी चाक लावून "चला, चला" म्हणत असतो, आणि माणूस मागं बस येताना दिसत असूनही पटकन रिक्षात बसतो. त्यात त्याचं काही चुकत नाही. त्याला कामावर जायचंय. रोज प्रत्येकाचं बरोबर असतं, हेच तर अवघड आहे.

आम्ही बारावीला होतो त्या साली दिवाळीनंतर एका सांजेला गाडी आली नाही. दुसऱ्या दिवशीही आली नाही. मग कळलं, वाडीची फेरी बंद झाली, गाडी रिकामी धावते म्हणून. आधी कुणाला काही वाटलं नाही. जीप होत्याच. उलट नानांना बाकीचे जीपवाले म्हणाले, "नाना, रस्ता मोकळा झाला." त्या दिवशी नानांनी पेढे वाटले नाहीत एवढंच, पण तोंडावर हसू होतं. मी पाहिलंय.

आठ-दहा दिवसांनी पोरी घरी बसायला लागल्या. एकीला रानात नेलं, एकीला मामाकडं धाडलं. जीपमध्ये पोरींना पाठवायला कुणाच्या आया तयार होईनात. गाडीचं वेगळं होतं. गाडीत कंडक्टर असायचा, त्याला सगळे मामा म्हणायचे, बायकांची बाकडी होती, आणि गाडीत बसलेल्या पोरीबद्दल कुणी काही बोलत नव्हतं. जीपमध्ये गड्यांच्या मांडीला मांडी लावून बसायचं, मागं कोण लोंबकळतंय माहीत नाही. मी जायची, कारण मी नानांच्या शेजारी पुढं बसायची. त्या जागेवर एकच पोरगी मावत होती, असं काही नाही. नानांनी स्वतः गयाकाकूंच्या दारात जाऊन सांगितलं, "वहिनी, सुनंदाला मपल्या पोरीसंगं पुढं बसवतो. एक छदाम नको मला."

गयाकाकू नवरा गेल्यापासून एकट्यानं संसार ओढत होत्या. भाजी लावायच्या, पाचोडच्या बाजारात विकायच्या. त्या उंबऱ्यातच उभ्या राहून म्हणाल्या, "नाना, तुमच्यावर इश्वास हाय. पर उंद्या तुम्ही नसलात, तुमच्या गाडीवर दुसराच गडी असला, मंग? आन् लोकांच्या तोंडाला कोण हात लावील? मपल्या पोरीला बाप नाय. गाडी असती तर मी तिला कामून घरी ठिवली असती?"

सुनंदाला स्थळ सांगून आलं होतं. काकूंनी ते थोपवून धरलं होतं. त्यांनी स्पष्ट सांगितलं, परीक्षेच्या आत गाडी सुरू झाली तर पोरगी बारावी देईल आणि पुढचंही शिकेल. नाही झाली तर लग्न उरकून टाकायचं. पोरीला नुसती घरात बसवून ठेवता येत नाही.

त्या दिवशी नाना जेवले नाहीत. आई म्हणाली, भाकरी गार होतेय. नाना म्हणाले, "कुऱ्हाडीचा दांडा गोताला काळ म्हणत्यात ना, त्यो मीच." आईला वाटलं, बाहेर कुणाशी भांडण झालं असेल.

मग नानांनी असं काही केलं की ते आठवून मला अजून हसू येतं, पण ते हसू शेवटपर्यंत टिकत नाही. ते अंगावर इस्त्रीचा शर्ट चढवून डेपोत गेले आणि गाडी मागायला लागले. काळी-पिवळीचा ड्रायव्हर, ज्यानं ती गाडी रिकामी पाडली, तोच साहेबांपुढं उभा राहून म्हणतोय की आमच्या वाडीला गाडी सोडा. साहेबांना आधी खरंच वाटेना. परत आल्यावर नानांनीच सांगितलं, "सायेब म्हणले, तुमची तब्येत बरी हाय ना?" पण हे गडी हटले नाहीत. चार-सहा खेपा घातल्या. एका खेपेला चाऊसभाईंनी मध्ये पडून रदबदली केली. शेवटी साहेब म्हणाले, आठवडाभर गाडी सोडून बघतो. बाजाराच्या दिवशी आमचा माणूस गाडीत बसेल. माणसं दिसली तर फेरी चालू राहील.

परीक्षेला तेव्हा थोडेच दिवस उरले होते. मोसंबी बहरात होती. सांजच्याला गाडी आली तेव्हा पोरंसोरं तिच्यामागं पळत सुटली. चाऊसभाई खाली उतरले आणि नानांनी त्यांना मिठी मारली. गयाकाकूंनी त्या दिवशी गाडीला हळद-कुंकू वाहिलं आणि चाऊसभाईंना गूळ दिला. सुनंदा रात्रभर वह्या उतरवून घेत होती, माझ्या वह्या, कारण ती इतके दिवस कॉलेजात नव्हती.

नानांनी जीप दारात उभी करून तिच्यावर ताडपत्री टाकली. आठवडाभर ते सकाळी फाट्यावर जाऊन उभे राहायचे. जीप पुढं, गाडी मागं, असं आयुष्यभर केलेला माणूस हात आडवे करून लोकांना सांगत होता, "थांबा रे, गाडी येऊ राह्यली. लाल गाडी. तिच्यात बसा."

लोकांना वाटलं, नाना थट्टा करतायत.

कुणी म्हणालं, "तुमची जीप बिघडली म्हणून आम्हाला बी खोळंबून ठिवता व्हय?" कुणाला वाटलं, दुसऱ्या जीपवाल्यांशी नानांचं वाकडं आलंय, म्हणून त्यांची सीटं तोडतायत. एक म्हातारा तर जीपमध्ये बसल्या बसल्या म्हणाला, "नाना, तुम्हीच तर सांगत व्हता, यष्टीच्या नादाला लागू नका म्हणून. आता आम्ही शाणे झालो तर तुम्ही उलटं बोलू राह्यले." नाना पंच्यानं तोंड पुसून पुढच्या माणसाकडं वळले. बाकीच्या जीपा काही थांबणार नव्हत्या, त्यांची पोटं होती. त्या गाडीच्या पुढंच पळत राहिल्या, आणि हाताच्या खुणाही तशाच चालू राहिल्या, मूठ आणि पंजा.

बाजाराच्या दिवशी डेपोचा माणूस गाडीत पुढं बसला होता. मी आणि सुनंदा ड्रायव्हरच्या मागच्या बाकड्यावर. सुनंदाच्या वेणीला नवी रिबन होती. गाडी फाट्यावर आली. बाजाराचा दिवस म्हणजे फाटा माणसांनी फुललेला असायचा. नाना तिथं उभे होते, त्यांच्या खांद्यावरचा पंचा घामानं भिजलेला, आणि त्यांच्या मागं जेमतेम तीन माणसं. बाकीची पुढच्या जीपनं नेली होती. नानांनी त्या तिघांना चढवलं, मग काय वाटलं कोण जाणे, स्वतःही चढले आणि तिकीट काढलं. तेवढाच एक माणूस वाढला. डेपोच्या माणसानं त्यांच्याकडं पाहिलं नाही. चाऊसभाईंनी आरशातून पाहिलं आणि गिअर टाकला. पाचोडपर्यंत पुढच्या जीपचा धुरळा आमच्या काचेवर येत होता.

गाडी बंद झाली ती झालीच. सुनंदानं परीक्षा दिली नाही. माझे पेपर चालू असतानाच तिचं लग्न झालं. नाना लग्नात सकाळपासून राबले, मांडव घातला, पाण्याचे ड्रम वाहिले, वऱ्हाड उतरवून घेतलं. पंगती उठल्या आणि नाना न जेवता घरी आले. वाडीत अशी गोष्ट लपत नाही. गयाकाकूंनी त्यांना बसा म्हणून आग्रह केला नाही, हेही सगळ्यांनी पाहिलं. लोकांनी काय ते समजून घेतलं. बाईचा राग आहे, म्हणाले, आणि राग असायलाच पाहिजे.

पुढल्या साली नानांनी जीप विकली. टेम्पो घेतला आणि मोसंबी वाहायला लागले. म्हणायचे, "माणसापरीस मोसंबी बरी. तिला घाई नसती." वाडीत राहिले तोवर ते गयाकाकूंच्या दारावरून कधी गेले नाहीत. तळ्याकडून वळसा घालून घरी यायचे, पावसाळ्यातसुद्धा, चिखल तुडवत. आणि काकू समोरून आल्या की पदर पुढं ओढून बाजूला व्हायच्या. इतकी वर्षं. एका गल्लीत राहून.

माझं शिक्षण झालं. नोकरी लागली. सुनंदा लग्नाकार्यात भेटायची, बोलणं व्हायचं, पोरंबाळं, तब्येती, सासर. गाडीचा विषय ना तिनं काढला, ना मी. नाना शेवटी माझ्याकडं पुंडलिकनगरात होते. बाल्कनीत खुर्ची टाकून बसायचे आणि खालून जाणाऱ्या बसकडं बघायचे. तीन वर्षांमागं गेले.

परवा लेकीला परीक्षा केंद्रावर सोडलं. फाटकाबाहेर झाडाखाली पालकांची गर्दी होती. कुणी प्रसाद आणला होता, कुणी नुसतंच फोनमध्ये डोकं घालून बसलेलं. मागून कुणीतरी माझ्या पाठीवर थाप मारली. सुनंदा होती. केस पांढरे झालेत तिचे, चष्मा लागलाय. बजाजनगरात राहते, नवरा वाळूजच्या कंपनीत. तिची धाकटी बारावीला, शहरातल्या कॉलेजात, आणि केंद्र इथंच आलेलं.

"कशी आलीस?" मी विचारलं.

"बसनं. दोन बदलल्या. तिला रोजचीच सवय हाय."

आम्ही कट्ट्यावर बसलो. तिनं डब्यातून धपाटे काढले, मी घेतले. खाता खाता माझ्या तोंडून निघून गेलं. इतक्या वर्षांत निघालं नव्हतं ते त्या गर्दीत सहज निघालं. म्हणाले, "सुनंदा, नानांनी त्या गाडीसाठी लई केलं गं. पण त्यांच्यामुळंच गेली ती, हे त्यांना माहीत होतं."

सुनंदानं धपाट्याचा तुकडा डब्यात परत ठेवला.

"त्यांच्यामुळं?" ती म्हणाली. "बाजाराच्या दिशी आपण गाडीत व्हतो, आठवतं ना? मी खिडकीत व्हते. पुढं जीप व्हती. तिच्या मागच्या बाकड्यावर कोण बसलं व्हतं, तू बघितलं नाय. मी बघितलं. मपली आई व्हती. मांडीवर मेथीचं गठुडं. येरवाळीच मळ्यात गेल्ती भाजी काढाया, तिथूनच रस्त्याला उभी ऱ्हायली. जीप आधी आली. भाजी सुकंल, बाजारातली जागा जाईल, म्हणून बसली. गाडीत आपलीच पोरगी येऊ राह्यली हे तिच्या ध्यानातच नव्हतं. अर्ध्या वाटंवर तिनं मागं बघितलं आन् मी दिसले."

मी डब्याचं झाकण लावलं.

"तिनं मला बघितलं, मी तिला. दोघी बी एकमेकींकडं बघत पाचोडपातूर गेलो. घरी आल्यावर ती बोलली नाय, मी बी नाय. लई वर्सं नाय बोललो. काय बोलायचं? ती एकटी उतरली असती तरी गाडी थोडीच भरणार व्हती. पर तिला तसं वाटत नाय."

"कशा आहेत काकू?"

"हाय. डोळ्यानं दिसत नाय आता. नाना गेल्याचं कळलं तवापासून बोलाया लागली, गावाकडचं कुणी आलं की एकच इचारती. म्हणती, नाना डेपोत जाऊन हातापाया पडले आन् मीच जीपमदी बसले. फाट्यावरनं त्यांनी मला बघितलं असंल, नायतर कुणी सांगितलं असंल. म्हणून तर लग्नात जेवले नाय, म्हणून तर दारावरनं येत नव्हते. मरताना तरी राग गेला व्हता का त्यांचा, तेवढं तुपल्या मैतरणीला इचार म्हणती. मी आजवर इचारलं नाय."

नानांनी काकूंना जीपमध्ये पाहिलं नव्हतं. त्यांना कुणी सांगितलंही नव्हतं. त्यांना एवढंच माहीत होतं की एका विधवेच्या पोरीची शाळा आपल्या धंद्यानं मोडली आणि त्या बाईनं आपल्याला जेवायला बसा म्हटलं नाही. हे मी सुनंदाला सांगितलं. ती चष्मा काढून पदरानं पुसत बसली.

"पेपर होऊ दे," मी म्हणाले, "मी येते काकूंना सांगायला."

"लवकर ये," सुनंदा म्हणाली.

शेवटच्या आजारात नानांनी मला जवळ बोलावून विचारलं होतं, "गयावहिनीचा राग गेला असंल का गं आता?" मी त्यांचं पांघरूण नीट करत म्हणाले होते, "किती जुनं झालं नाना. कुणाच्या लक्षात राहतंय."